क्लारा बोची कारकीर्द नेमकी कशाने संपली?

मंदारमाला (प्रश्न)

मूकपटांच्या जमान्यातील अमेरिकन अभिनेत्री क्लारा बो हिच्याविषयी जाणकारांकडून समजून घ्यावे, म्हणून हा प्रश्न विचारते आहे. तिचे ‘इट’ आणि ‘विंग्ज’ हे १९२७ सालचे दोन चित्रपट नुकतेच लागोपाठ पाहिले आणि तेव्हापासून ही बाई मनातून जात नाही. ‘इट’मध्ये ती एका मोठ्या दुकानातील विक्रेतीचे काम करते. उंची हॉटेलात जेवायला जायचे ठरते, घालायला धड काही नसते, तेव्हा मैत्रिणीला हाताशी घेऊन ती कामाच्या साध्या पोशाखालाच कात्री लावते आणि बघता बघता त्याचा मेजवानीचा झगा करून टाकते. या प्रसंगात तिचे हात, डोळे, खांदे, मान असे सारे एकाच वेळी बोलत असते. त्या काळातील अनेक अभिनेत्रींचे हावभाव आज थोडे अवघडल्यासारखे दिसतात. क्लाराच्या बाबतीत मला क्षणभरही तसे वाटले नाही.

मात्र तिच्याविषयी वाचायला गेल्यावर दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा समोर येतात. पहिली अशी की, बोलपट आले, तिचा ब्रुकलिनचा गावंढळ उच्चार लोकांच्या कानी पडला आणि तिचा अस्त झाला. दुसरी तिच्या खासगी आयुष्याविषयीची, आणि ती इतक्या हीन शब्दांत सांगितली जाते की इथे लिहिणेही नको वाटते. या दोन्हींत तथ्य किती? १९२९ साली जिचे नाव पाहून लोक तिकीट काढत होते, ती वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी चित्रपटसृष्टी कायमची सोडून जाते, हे कसे घडले? ज्यांनी या काळाचा अभ्यास केला आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुनी रिळे

मंदारमालाताई, प्रश्न विचारलात हे फार बरे केलेत. पहिल्या गोष्टीविषयी मी लिहितो. दुसरीविषयी इथे माझ्यापेक्षा अधिक वाचलेली मंडळी आहेत.

बोलपटाने क्लाराला संपवले, हे विधान तारखांच्या कसोटीवर टिकत नाही. तिचा पहिला बोलपट ‘द वाइल्ड पार्टी’ १९२९ च्या वसंतात प्रदर्शित झाला आणि तो चांगला चालला. चित्रगृहमालकांच्या कौलानुसार १९२८ आणि १९२९ या दोन्ही वर्षी ती गल्ला जमवणारी पहिल्या क्रमांकाची तारका होती, आणि १९३० साली, म्हणजे तिचे एकामागून एक बोलपट येत असताना, ती दुसऱ्या क्रमांकावर होती. तिने एकूण अकरा बोलपट केले. ज्या आवाजाला प्रेक्षक कंटाळले होते असे सांगितले जाते, त्या आवाजाचे अकरा चित्रपट कोणत्याही स्टुडिओने काढले नसते. तिचा आवाज थोडा खालच्या पट्टीतला, मोकळा आणि ब्रुकलिनच्या रस्त्यावरचा होता. तिच्या भूमिकाही दुकानातील मुली, वेट्रेस, सर्कशीतल्या कसरतपटू अशाच असल्यामुळे तो त्यांना शोभतही होता.

तरीही बोलपटाने तिला त्रास दिला, हे खरे आहे, आणि तो त्रास उच्चाराचा नव्हता. मूकपटात दिग्दर्शक चित्रीकरण चालू असतानाच मोठ्याने सूचना देत असे, कॅमेरा हलत असे आणि क्लारा त्याच्यासमोर मनाला येईल तशी वावरत असे. तिच्या दिग्दर्शकांना हे पक्के ठाऊक होते की तिला जमिनीवर खडूने आखलेल्या खुणेवर उभे करण्यात अर्थ नाही. दिवे आणि कॅमेरा तिच्यामागे न्यावे लागतात. सुरुवातीच्या बोलपटात नेमके हेच अशक्य झाले. कॅमेऱ्याची घरघर ध्वनिमुद्रणात येऊ नये म्हणून तो बंद खोक्यात कोंडला गेला, आणि मायक्रोफोन एका ठिकाणी लपवलेला असल्यामुळे नटाने त्याच्या टप्प्यात खिळून उभे राहणे भाग पडले. ‘द वाइल्ड पार्टी’च्या वेळी तिची नजर सारखी डोक्यावरच्या मायक्रोफोनकडे जात होती आणि त्यामुळे तीच ती दृश्ये पुन्हा पुन्हा चित्रित करावी लागली. दिग्दर्शिका डोरोथी आर्झनर यांनी यावर उपाय म्हणून मायक्रोफोन मासे पकडण्याच्या काठीला टांगून क्लाराच्या माथ्यावरून फिरवण्याची युक्ती काढली, जेणेकरून तिला पूर्वीसारखे हिंडता-फिरता यावे. पुढे चित्रपटसृष्टीत सर्रास वापरात आलेल्या ‘बूम’ मायक्रोफोनचे हे एक आरंभीचे रूप होते. एका अभिनेत्रीची चपळाई वाचावी म्हणून यंत्राला वळण लावावे लागले, ही गोष्ट मला तिच्याविषयीच्या कुठल्याही किश्शापेक्षा मोठी वाटते.

तिने स्वतः मुलाखतीत सांगितले होते की बोलपट तिला आवडत नाहीत, कारण ते जखडून टाकतात आणि हालचालीला वाव ठेवत नाहीत. हे एका कलावंताचे आपल्या माध्यमाविषयीचे अचूक निरीक्षण होते. पण तिच्या अल्पशिक्षित, साध्यासुध्या बोलण्यामुळे ते कोणी गांभीर्याने घेतले नाही. स्टुडिओने तर आवाजाच्या तालमीसाठी तिला पुरेसा वेळही दिला नव्हता.

आपल्याकडचे उदाहरण इथे आठवते. सुलोचना म्हणजे रूबी मायर्स यांच्यापुढेही बोलपट आल्यावर भाषेचा प्रश्न उभा राहिला होता. त्यांनी हिंदुस्थानीचा अभ्यास केला आणि नंतर ‘माधुरी’, ‘अनारकली’ अशा आपल्याच गाजलेल्या मूकपटांच्या बोलक्या आवृत्त्या घेऊन त्या परतल्या. क्लाराला अशी उसंत मिळाली नाही. ती थांबली असती तर पॅरामाउंटचा, म्हणजे तिच्या स्टुडिओचा, गल्ला थांबला असता.

रोजनिशी

वरचा प्रतिसाद पटला. मी दुसऱ्या भागाविषयी लिहिते, कारण माझ्या मते तिची कारकीर्द १९३१ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या न्यायालयात मोडली, आणि तेही ती स्वतः फिर्यादी पक्षाकडून उभी असताना.

डेझी डीव्हो ही मूळची पॅरामाउंटमधील केशरचनाकार. क्लाराशी तिची मैत्री जमली आणि ती तिची सचिव झाली. क्लाराला पैशांचा हिशेब ठेवण्याची सवय नव्हती. ती मागेल त्याला देत असे, आणि वडिलांपासून मित्रांपर्यंत मागणारे पुष्कळ होते. डेझीने घरखर्चाला शिस्त लावली, बँकेचे व्यवहार हाती घेतले, आणि बरीच वर्षे कोणी केली नव्हती अशी तिची काळजीही घेतली, हे मान्य केले पाहिजे. पुढे क्लाराचा मित्र, आणि नंतर पती झालेला अभिनेता रेक्स बेल, याने हिशेबात लक्ष घालायला सुरुवात केली तेव्हा दोघांत खटके उडाले आणि १९३० च्या अखेरीस डेझीला कामावरून काढण्यात आले. जाताना तिने क्लाराची खासगी पत्रे आणि तारा आपल्याकडे ठेवल्या, आणि त्या उघड न करण्यासाठी सव्वा लाख डॉलरची मागणी केली. प्रकरण सरकारी वकिलाकडे गेले आणि डेझीवर चोरीचे तीसहून अधिक आरोप ठेवण्यात आले.

खटल्यात घडले ते असे की, आरोपी डेझी होती आणि झडती मात्र क्लाराच्या आयुष्याची झाली. तिने कोणाला कोणती भेटवस्तू दिली, कोणाला कोणत्या शब्दांत तार केली, पत्त्यांत किती हरली, दारूबंदीच्या काळात घरात दारू किती आली, हे सारे धनादेशांच्या आणि जबान्यांच्या निमित्ताने भर न्यायालयात वाचले गेले, आणि दुसऱ्या दिवशी देशभरातील वृत्तपत्रांच्या पहिल्या पानांवर छापून आले. क्लारा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात रडली, त्याचीही छायाचित्रे आणि वर्णने विकली गेली. ज्यूरीने डेझीला एका आरोपावर दोषी ठरवले आणि तिला दीड वर्षाची शिक्षा झाली. क्लाराने तर तिला दया दाखवावी अशी विनंती केली होती. पण लोकांच्या लक्षात निकाल राहिला नाही, पत्रे राहिली.

याच्या पाठोपाठ, त्याच वर्षी, ‘कोस्ट रिपोर्टर’ नावाच्या एका चिटोऱ्या वृत्तपत्राने क्लाराविषयी अत्यंत अश्लील आणि बनावट मजकूर क्रमशः छापला. त्याच्या प्रकाशकाने मजकूर थांबवण्यासाठी पैसे मागितले होते. अखेर टपालाने अश्लील साहित्य पाठवल्याबद्दल त्याला तुरुंगात जावे लागले. म्हणजे तो मजकूर किती गलिच्छ होता, याचा निवाडा त्याच वेळी झालेला होता. तरीही आज महाजालावर ज्या ‘भानगडी’ चवीने सांगितल्या जातात, त्यांची बरीचशी वंशावळ या पानांपर्यंत पोचते.

मंदारमालाताईंनी जी गोष्ट लिहायची टाळली ती फुटबॉल संघाविषयीची असावी, असा माझा अंदाज आहे. खरे इतकेच होते की १९२७ च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संघातील खेळाडू तिच्या घरी पार्ट्यांना येत असत. सत्तरीच्या दशकात अमेरिकेत गाजलेल्या हॉलिवूडच्या भानगडींच्या एका पुस्तकाने या पार्ट्यांना अत्यंत घाणेरडे रूप देऊन ते जगभर पसरवले. नंतर डेव्हिड स्टेन या चरित्रकाराने, ज्याने लिहिलेले तिचे चरित्र १९८८ साली प्रसिद्ध झाले, हयात असलेल्या खेळाडूंना गाठून विचारले, तेव्हा त्या कथेला काडीचाही आधार निघाला नाही. पण पुस्तक जगभर पोचले होते आणि क्लारा १९६५ मध्येच वारली होती. मृत व्यक्तीच्या बदनामीवर दावा लावता येत नाही, याचा पुरेपूर फायदा घेतला गेला.

मला याचा मनस्वी राग येतो, आणि तो लपवावा असे वाटत नाही. पत्ते, दारू आणि प्रेमप्रकरणे त्या काळातील अनेक पुरुष नटांच्या आयुष्यात होती, आणि स्टुडिओचे प्रसिद्धी खाते ती झाकून ठेवत असे. क्लाराच्या बाबतीत प्रसिद्धी खात्याने आधी तिच्या उच्छृंखलपणाचीच जाहिरात केली, कारण पडद्यावरची ‘इट गर्ल’ आणि घरातली क्लारा एकच आहे असे लोकांना वाटणे धंद्याच्या सोयीचे होते. खटला उभा राहिला तेव्हा हेच चित्र तिच्यावर उलटले आणि ते पुसायला कोणी पुढे आले नाही.

तळटीप

रोजनिशी यांच्या प्रतिसादातील तपशील बरोबर आहेत, पण सगळे खापर खटल्यावर आणि पॅरामाउंटवर फोडल्याने चित्र अपुरे राहते, असे मला वाटते. खटल्यानंतरही ती उभी राहू शकली असती. तिच्यात ती ताकद का उरली नव्हती, हे पाहायला ब्रुकलिनला मागे जावे लागते.

क्लाराचा जन्म २९ जुलै १९०५ चा. तिच्याआधी झालेल्या दोन मुली तान्हेपणीच दगावल्या होत्या. आई सारा हिला किशोरवयात खिडकीतून पडून डोक्याला मार बसला होता आणि तेव्हापासून तिला फेफरे आणि मानसिक आजाराचे झटके येत. वडील रॉबर्ट महिनोन् महिने बेकार असत आणि कित्येकदा घरीच नसत. अन्नाची आणि उबेची भ्रांत असलेल्या भाड्याच्या खोल्यांत ती वाढली. फाटक्या कपड्यांमुळे मुली तिला खेळात घेत नसत, म्हणून ती मुलांबरोबर रस्त्यावर खेळली, मारामाऱ्या केल्या. त्यांतला एक लहानगा शेजारी, जॉनी, आगीत भाजला आणि तिच्या कुशीतच गेला, असे तिने १९२८ साली ‘फोटोप्ले’ मासिकाला सांगितलेल्या आत्मकथनात म्हटले आहे. पुढे चित्रीकरणात रडण्याचा प्रसंग आला की ती एक अंगाईगीत वाजवायला सांगत असे, कारण ते ऐकताच तिला तो मुलगा आठवे. तिच्या झरझर वाहणाऱ्या अश्रूंचे समीक्षकांनी कौतुक केले आहे. त्यांची किंमत ही होती.

१९२१ साली सिनेमासिकांच्या एका प्रकाशनसंस्थेने भरवलेल्या ‘फेम अँड फॉर्च्यून’ स्पर्धेत तिने वडिलांकडून मिळालेल्या पैशांत काढलेली दोन स्वस्तातली छायाचित्रे दिली आणि ती जिंकली. आईच्या दृष्टीने नटी होणे म्हणजे रस्त्याला लागणे. १९२२ च्या फेब्रुवारीत एका रात्री क्लाराला जाग आली तेव्हा आई तिच्या गळ्याला सुरी लावून बसली होती. क्लाराने कशीबशी सुटका करून घेतली. आईला पुढे मनोरुग्णालयात ठेवण्यात आले आणि १९२३ च्या जानेवारीत ती वारली. आपण नटी झालो म्हणून आई गेली, ही टोचणी क्लाराला जन्मभर लागली, आणि रात्री झोप न येण्याचे तिचे दुखणेही त्या रात्रीपासून सुटले नाही.

अशी सतरा-अठरा वर्षांची मुलगी १९२३ मध्ये बी. पी. शुलबर्ग यांच्या कंपनीमार्फत हॉलिवूडला आली, आणि तिथे तिला किती राबवले गेले ते पाहा. शुलबर्ग तिला आठवड्याच्या ठरलेल्या पगारावर ठेवत आणि इतर कंपन्यांना जास्त दराने उसनी देत; मधला फरक कंपनीच्या खिशात जाई. १९२५ या एका वर्षात तिचे डझनभराहून अधिक चित्रपट प्रदर्शित झाले. एकूण मूकपट ४६, आणि ते सगळे १९२२ ते १९२९ या काळातले. ‘विंग्ज’ला पुढे पहिल्याच ऑस्कर समारंभात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला, त्या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत तिचे नाव सर्वांत वर आहे. १९२९ च्या जानेवारी महिन्यात तिला ४५,००० हून अधिक चाहत्यांची पत्रे आली. एवढे असूनही तिच्या तोडीच्या इतर तारकांच्या मानाने तिचा पगार कमीच राहिला, आणि हॉलिवूडच्या प्रतिष्ठित घरांतून तिच्या बोलण्या-चालण्यामुळे तिला आमंत्रणे येत नसत. ज्या पडद्याने तिला रस्त्यावरून उचलले, त्या पडद्यामागच्या लोकांनी तिला शेवटपर्यंत रस्त्यावरचीच मानले.

आजारी आई, न झोपलेल्या रात्री आणि आठ वर्षांचे अखंड काम, यांच्यावर खटला येऊन आदळला. १९३१ च्या मे महिन्यात तिला आरोग्यधामात दाखल करावे लागले, ‘सिटी स्ट्रीट्स’मधील तिची भूमिका सिल्व्हिया सिडनी हिच्याकडे गेली होती, आणि जूनमध्ये पॅरामाउंटशी असलेला करार संपला. तो संपवावा ही मागणी तिनेच केली होती, हेही नोंदवले पाहिजे. मला हा प्रसंग हाकलून दिल्याचा वाटत नाही. तिने जीव वाचवण्यासाठी घेतलेला तो निर्णय होता.

मंदारमाला

तिघांचेही मनापासून आभार. तळटीप यांचा शेवटचा मुद्दा वाचून एक गोष्ट विचारावीशी वाटते. स्वतःहून सोडले असेल, तर नंतर तिला सुख लाभले का? आणि ती पडद्यावर पुन्हा आली नाही, हे खरे आहे का?

तळटीप

पुन्हा आली. १९३१ च्या डिसेंबरमध्ये तिने लास व्हेगास येथे रेक्स बेलशी लग्न केले आणि दोघे नेवाडातील सर्चलाइट गावाजवळच्या आपल्या रँचवर राहायला गेले. तिथून ती फॉक्स कंपनीसाठी दोन चित्रपट करण्यापुरती परतली: १९३२ चा ‘कॉल हर सॅव्हेज’ आणि १९३३ चा ‘हूपला’. दोन्ही बोलपट, आणि दोन्हींत ती आत्मविश्वासाने बोलते. आवाजाविषयीच्या दंतकथेला ‘कॉल हर सॅव्हेज’ हे सर्वांत सरळ उत्तर आहे. त्यानंतर तिने काम थांबवले. १९३४ आणि १९३८ मध्ये तिला मुलगे झाले.

सुखाविषयी एका वाक्यात उत्तर देणे कठीण आहे. रँचवरची पहिली काही वर्षे बरी गेली. नंतर ती लोकांत जाणे टाळू लागली, आणि पती मात्र राजकारणात उतरला. १९४४ साली तो अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, निवडणुकीला उभा असताना तिने आत्महत्येचा प्रयत्न केला. सार्वजनिक आयुष्यापेक्षा मरण बरे, अशा अर्थाची चिठ्ठी तिने लिहिली होती. पुन्हा कॅमेऱ्यांसमोर उभे राहावे लागेल ही तिची भीती किती खोल होती, हे त्यावरून कळते. १९४९ मध्ये ती कनेटिकटमधील हार्टफर्डच्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग’ या मनोरुग्णालयात दाखल झाली. तिथे तिला विजेचे झटके देण्यात आले आणि स्किझोफ्रेनियाचे निदान झाले. ते निदान तिला मान्य नव्हते. त्यानंतर ती कुटुंबापासून वेगळी, लॉस एंजेलिसमधील एका छोट्या बंगल्यात परिचारिकेच्या सोबतीने राहिली. रेक्स बेल नेवाडाचा उपराज्यपाल झाला आणि त्या पदावर असतानाच १९६२ मध्ये वारला. क्लारा २७ सप्टेंबर १९६५ रोजी हृदयविकाराने गेली. तेव्हा ती साठ वर्षांची होती.

यात एक नोंद मला आवर्जून करावीशी वाटते. १९४७ साली अमेरिकन रेडिओवरील एका लोकप्रिय कार्यक्रमात ‘मिसेस हश’ या नावाने एका गूढ स्त्रीचा आवाज ऐकवला जात असे आणि तो कोणाचा हे श्रोत्यांनी ओळखायचे असे. कोडे आठवडेच्या आठवडे चालले आणि त्यातून धर्मादाय कार्यासाठी पैसाही जमला. तो आवाज क्लाराचा होता. ज्या आवाजाने तिला बुडवले असे सांगतात, तोच आवाज ऐकायला सारा देश रेडिओजवळ बसत होता.

रोजनिशी

तळटीप, आपण बालपणाविषयी लिहिलेत ते योग्यच आहे, आणि तिचा आजार खटल्याआधीपासूनचा होता हे मला मान्य आहे. फक्त एक आग्रह धरते. ‘मुळातच नाजूक मनाची होती’ असे म्हटले की ज्यांनी तिच्यावर घाव घातले ते आपोआप सुटतात. एखाद्याचे मन आधीच जखमी असेल, तर त्याच्यावर दगड मारणाऱ्याचा दोष कमी होत नाही.

शिवाय १९३१ हे वर्ष महामंदीचे होते. पॅरामाउंट स्वतःच आर्थिक संकटाकडे चालली होती आणि १९३३ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. अशा वेळी, वृत्तपत्रांत बदनाम झालेली आणि आजारी असलेली मोठ्या पगाराची तारका करारातून मोकळे व्हायला मागते, तेव्हा कंपनी तिला थांबवायचा फार प्रयत्न करत नाही. तिने करार सोडला आणि त्यांनी तो सुटू दिला; माझ्या मते दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

जुनी रिळे

दोघींच्या लिखाणात विरोध आहे असे मला वाटत नाही. मी फक्त चित्रपटांविषयी थोडे सांगून थांबतो, कारण मंदारमालाताईंना पुढे काय पाहावे असा प्रश्न पडलाच असेल.

क्लाराच्या वाट्याला आलेला आणखी एक अन्याय म्हणजे तिचे बरेच काम नष्ट झाले आहे. नायट्रेटच्या फिती पेट घेणाऱ्या आणि कुजणाऱ्या, आणि बोलपट आल्यावर मूकपटांच्या प्रती जपण्यात कोणालाच पैसा दिसत नव्हता. ‘लेडीज ऑफ द मॉब’, ‘द फ्लीट्स इन’, ‘रफ हाउस रोझी’ असे ऐन बहरातले चित्रपट आज उपलब्ध नाहीत. १९२८ च्या ‘रेड हेअर’मध्ये तिचे प्रसिद्ध लाल केस दिसावेत म्हणून एक भाग टेक्निकलर या रंगीत पद्धतीने चित्रित केला होता, त्याचे केवळ तुटक तुकडे उरले आहेत. साऱ्या जगाला तिचे केस लाल आहेत हे ठाऊक होते, आणि पडद्यावर मात्र ते काळेच दिसत. विशेषतः सुरुवातीच्या चित्रपटांत ज्या फिती वापरल्या जात, त्यांना लाल रंगाची संवेदनाच नव्हती. म्हणूनच ते काही सेकंदांचे रंगीत तुकडे पाहताना अभ्यासकांना भरून येते, आणि मला त्याचे मुळीच नवल वाटत नाही. ‘इट’देखील अनेक वर्षे हरवला आहे असेच मानले जात होते, साठच्या दशकात त्याची प्रत प्रागमध्ये सापडली. अजूनही शोध लागतात. १९२३ चा ‘द पिल पाउंडर’ हा तिचा विनोदी लघुपट ओमाहा येथील एका लिलावात जुन्या फितींच्या ढिगात मिळाला आणि २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मूकपट महोत्सवात दाखवला गेला.

आपण ‘इट’ आणि ‘विंग्ज’ पाहिलेच आहेत, तेव्हा आता १९२६ चा ‘मँट्रॅप’ पाहावा. दिग्दर्शक व्हिक्टर फ्लेमिंग. त्यात ती शहरातल्या केशकर्तनालयात नखे रंगवणारी मुलगी असते, रानातल्या एका दुकानदाराशी लग्न करून कंटाळते, आणि तिच्या वागण्याला चित्रपट कुठेही शिक्षा देत नाही, हे त्या काळाचा विचार करता फार धाडसाचे आहे. कथा विसरून फक्त तिच्याकडे पाहत राहा. ती समोरच्या माणसाच्या बाहीला बोट लावते, मागे घेते, परत लावते, आणि तेवढ्यात तिच्या मनातले तीन विचार आपल्याला कळलेले असतात. त्यानंतर ‘द वाइल्ड पार्टी’ लावा. कथा सामान्य आहे, ध्वनिमुद्रण खरखरीत आहे, पण ती खोलीभर फिरत बोलते तेव्हा मायक्रोफोन तिच्यामागे धावतो आहे हे जाणवते. शेवटी ‘कॉल हर सॅव्हेज’. हे तिन्ही या क्रमाने पाहिलेत तर तिचा आवाज कसा होता आणि तो कसा सरावत गेला, याचा निर्णय आपला आपल्याला करता येईल.